कृपया झाकण उघडू नये

शालिकराम पौनीकरांच्या घरात रॉकेलच्या रांगेत उभं राहण्याचं खातं सुभद्राबाईंकडे होतं. हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं, याची कुठे नोंद नाही. चौऱ्याहत्तर साली रॉकेल मिळेनासं झालं, दर रविवारी सकाळी चौकातल्या रेशन दुकानासमोर डबक्यांची, म्हणजे तेलाच्या पत्र्याच्या डब्यांची, ओळ लागू लागली, आणि त्या ओळीत पौनीकरांची डबकी धरून सुभद्राबाई दिसू लागल्या, एवढंच. शालिकराम त्या वेळी घरी पेपर वाचत. पेपरात रॉकेलच्या टंचाईची बातमी असे आणि ती ते मनापासून हळहळत वाचत.

तुम्ही काहून जात नाही, असं सुभद्राबाईंनी एकदा विचारलं होतं. त्यावर शालिकरामांनी शांतपणे समजावून सांगितलं की वरिष्ठ लिपिकाने हातात डबकी घेऊन चौकात उभं राहिलं, तर ज्यांच्या फायली त्याच्या टेबलावर पडून आहेत ते लोक मागे-पुढे उभे असतात, आणि असल्या ठिकाणी फायलीचा विषय निघणं प्रशासनाच्या दृष्टीने बरं नाही. सुभद्राबाईंनी ऐकून घेतलं आणि डबकी उचलली. त्यांना सात वाजता निघायचं होतं.

अशात कचेरीत इंधन बचत सप्ताह आला. आठवडाभर सगळे दिवे आणि सगळे पंखे लावून सर्वांनी बचतीची परिपत्रकं टाईप केली, आणि शेवटी प्रत्येकाच्या हाती एक पुस्तिका पडली. 'इंधन बचतीचे सोपे मार्ग.' सोबत एक नमुना होता, तीन प्रतींत भरायचा, त्यात आपण घरी कोणता मार्ग अवलंबला ते लिहायचं होतं. इतरांनी 'सर्व' असं लिहून सही केली. शालिकराम प्रामाणिक माणूस. ते पुस्तिका घरी घेऊन आले.

त्यांनी ती सुभद्राबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. डाळ शिजवण्याआधी भिजवावी. सुभद्राबाई म्हणाल्या, त्या लग्न झाल्यापासून भिजवतात. भांड्यावर झाकण ठेवावं. ठेवतात. स्टोव्हची वात साफ करावी. काल केली. सगळी तयारी झाल्यावरच स्टोव्ह पेटवावा. यावर त्यांनी नुसतं पाहिलं. आपल्या बायकोने सरकारच्या आधीच सगळे सोपे मार्ग संपवून ठेवले आहेत, हे लक्षात येऊन शालिकराम थोडे खट्टू झाले. मग शेवटचं पान आलं.

शेवटच्या पानावर एका पेटीचं चित्र होतं. लाकडी पेटी, आत गच्च भरलेलं तणीस, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, मध्ये भांड्याएवढा खळगा. डाळ किंवा भात स्टोव्हवर एक उकळी येईपर्यंत ठेवायचा, भांडं पेटीत बसवायचं, वर गोधडी, वर झाकण. दोन-तीन तासांत अन्न आपोआप शिजतं. विस्तव नाही, धूर नाही, रॉकेल नाही. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं : मध्ये झाकण उघडू नये. ही सूचना शालिकरामांनी दोनदा वाचली आणि त्यांना ती फारच सोपी वाटली.

पुढच्याच रविवारी ते लकडगंजात गेले. आरा मशीनशेजारच्या एका सुताराला त्यांनी माप दिलं. पेटीत काय ठेवणार, असं सुताराने विचारलं, तेव्हा शिजलेलं अन्न, असं म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण शालिकरामांनी त्याला तत्त्व समजावलं. उष्णता कशी कोंडते, अन्न कसं आतल्या आत शिजतं, देशाचं परकीय चलन कसं वाचतं. सुताराने मान डोलावून सगळं ऐकलं. आठ दिवसांनी पेटी तयार झाली. काम उत्तम होतं. फक्त चारही बाजूंनी त्याने आपल्या मनाने चाळीस-पन्नास भोकं पाडून दिली होती, कारण कोंडल्यावर अन्न आंबतं, हे साहेबांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही, असं त्याला वाटलं. भोकांचे वेगळे पैसेही त्याने घेतले नाहीत.

ती भोकं बुजवण्यात एक अख्खा दिवस गेला. समोरचा गोविंदा मागावर लुगडी विणायचा. त्याने सुताचा गुंता आणून दिला आणि तो सळईने भोकांत कसा ठासायचा हे स्वतः बसून दाखवलं. गोविंदाचा दुसरा धंदा म्हणजे दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी गल्लीचा बडग्या करणं. त्या त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं असेल त्याचा तो बांबू-कागदाचा पुतळा करी, आणि लोक तो वाजतगाजत नेऊन जाळत. यंदा त्याने हातात रिकामी डबकी घेतलेला रेशनवाला करायला घेतला होता. तरी पेटीकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली, ती शालिकरामांना आवडली नाही.

आता उरलं तणीस. ते उमरेडकडून सुभद्राबाईंचे भाऊ चंपतराव एसटीच्या टपावर टाकून आणणार होते आणि त्यांनी आणलंही. पण नाक्यावर जकात कारकुनाने भारा उतरवून घेतला. शालिकराम सायकलवरून धावले. कारकुनाने विचारलं, चारा कोणत्या जनावरासाठी. शालिकराम म्हणाले, जनावर नाही, पेटीसाठी. कारकुनाने पुस्तक काढून दाखवलं. त्यात गाय होती, बैल होता, म्हैस, घोडा, शेळीसुद्धा होती. पेटी नव्हती. एक तास वाद झाला. शालिकराम स्वतः कारकून असल्यामुळे समोरच्याचं म्हणणं त्यांना आतून पटत होतं आणि त्यामुळे वाद नीट घालताही येत नव्हता. शेवटी मागे ट्रकांची ओळ लागली, चंपतराव म्हणाले लिहा काहीबी, आणि शालिकरामांनी एका बैलाचा मालक म्हणून सही केली.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. आपण निवासी वस्तीत विनापरवाना बैल बाळगल्याचे निदर्शनास आले आहे, सबब आपणाविरुद्ध कारवाई का करू नये. शालिकरामांनी आधी मसुद्याचं कौतुक केलं आणि मग त्यांना राग आला. बैल नाही, असं त्यांनी कळवलं. त्यावर बैल विकला असल्यास पावती आणि मेला असल्यास दाखला जोडावा, असं उत्तर आलं. मग एक निरीक्षक स्वतः येऊन गेले. त्यांनी माजघर पाहिलं, मागची खोली पाहिली, पेटी उघडून पाहिली, चहा घेतला आणि अहवाल लिहिला : बैल आढळला नाही, चारा आढळला, प्रकरण खुले ठेवावे.

ही बातमी गल्लीत पसरली. शेजारच्या रुखमाबाई गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या, सरळ मनाच्या बाई. पोळ्याच्या दिवशी त्या पुरणपोळीचा नैवेद्य आणि हळदकुंकू घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि बैल कुठे बांधला म्हणून विचारू लागल्या. नैवेद्य घेऊन आलेल्या बाईला परत कसं पाठवायचं, म्हणून सुभद्राबाईंनी पेटी दाखवली. रुखमाबाईंनी पेटीला कुंकू लावलं.

या सगळ्यात शालिकरामांनी एक प्रतिज्ञाही केली होती, आता तिच्याकडे येतो. पोळ्याच्या आधी पेटीचा एक प्रयोग झाला होता, तुरीच्या डाळीचा. शालिकरामांनी सुंदर अक्षरात 'कृपया झाकण उघडू नये. हुकमावरून' असा कागद लिहून पेटीवर डकवला. मग पंधरा मिनिटांनी हुकमाची अंमलबजावणी नीट चालली आहे ना, हे पाहायला झाकण उघडलं. नंतर डाळ पाहायला. नंतर मघाशी भांडं वाकडं तर बसलं नाही ना, या शंकेने. तीन तासांनी डाळ निघाली ती कोमट आणि टणक. सुभद्राबाईंनी ती स्टोव्हवर चढवली आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, की आता दुप्पट तेल जाणार.

हे रुपरावांनी ऐकलं. रुपराव म्हणजे गल्लीतले वडीलधारे, मिलमधून रिटायर झालेले, सावजी मसाल्यातला अंतिम शब्द. ते ओट्यावरून हसले. त्यांच्याबरोबर आणखी चारजण हसले. शालिकरामांना ते लागलं. डाळीत दोष असेल, पेटीत नाही, असं ते म्हणाले. मग आवाज चढला.

"मारबतीच्या दिवशी या सारे जेवाले. मटन या पेटीतच शिजन. नाही शिजलं, तर वर्षभर मातीच्या तेलाच्या लाइनीत मी उभा राहीन."

दारामागे सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. वर्षभर म्हणजे बावन्न रविवार, हा हिशेब त्यांनी त्याच क्षणी केला असावा.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबत. या दिवशी गल्लीत मटण पुरुष शिजवतात आणि बायका लांबून पाहतात. शालिकरामांनी सकाळीच मसाला परतला, मटण घातलं, चांगलं खदखदू दिलं, आणि बरोबर दहा वाजता पातेलं पेटीत बसवलं. वर गोधडी, वर झाकण, वर कागद. दोन वाजता पंगत. चार तास फक्त काही करायचं नव्हतं.

पण गल्लीची एक जुनी रीत आहे. मारबतीच्या दिवशी कुणाच्या दारावरून गेलं तर आत जायचं, पातेल्यावरचं झाकण उचलायचं, वास घ्यायचा आणि दोन शब्द बोलायचे. तसं न करता पुढे जाणं म्हणजे घरच्या यजमानाचा अपमान. पुस्तिका लिहिणाऱ्याला ही रीत माहीत नव्हती. शालिकरामांना माहीत होती, पण आपल्या कागदावर त्यांचा विश्वास होता.

सव्वादहाला रुपराव आले. त्यांनी कागद मोठ्याने वाचला, अक्षराची तारीफ केली आणि झाकण उघडलं. खसखस कमी आहे, असं त्यांचं मत पडलं. मग गोविंदा आला, त्याला नुसती करामत पाहायची होती. चंपतराव गावाहून आलेले, पाहुणे, त्यांनी तर बहिणीच्या घरचा मान राखण्यासाठी दोनदा वास घेतला. रुखमाबाई माळकरी असल्यामुळे मटणाकडे पाहणार नव्हत्या, म्हणून त्यांनी तोंड फिरवून झाकण एका हाताने वर धरून ठेवलं आणि आत कढीपत्ता टाकावा का यावर बराच वेळ बोलल्या. शालिकराम प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, की झाकण लावा. लोक लावतही होते. पण आपण असं म्हणतो आहोत म्हणून पाहुणे नाराज तर झाले नाहीत ना, या काळजीने ते पुन्हा प्रत्येकाला म्हणत, पाहा हो, पाहा, पण थोडंच.

साडेअकराला ढोल वाजले आणि सगळी गल्ली मिरवणूक पाहायला गेली. घरात सुभद्राबाई आणि पेटी. इतक्या दिवसांत पेटीला प्रथमच एकांत मिळाला होता. हा एकांत दोन तास टिकला असता, तर या गोष्टीचा शेवट वेगळा झाला असता. गर्दीत शालिकराम टाचा उंचावून उभे होते. पिवळ्या मारबतीचा भला मोठा पुतळा गेला, मागून गोविंदाचा रेशनवाला डोलत आला, लोक रोगराई, संकटं आणि टंचाई घेऊन जा म्हणून ओरडू लागले. त्याच क्षणी शालिकरामांच्या मनात आलं, की पेटीच्या मागच्या बाजूचं एक भोक आपण बुजवलं होतं का? ते गर्दीतून वाट काढत निघाले. घामाघूम होऊन घरी पोचले. सुभद्राबाई पेटीसमोर उभ्या राहिल्या.

"नका उघडू," त्या म्हणाल्या. "आता कोनी नाही आलं. राहू द्या तसंच."

"फक्त पाहतो."

त्यांनी पाहिलं. पळीने एक तुकडा दाबून पाहिला. भोक बुजवलेलं होतं. मग झाकण नीट लागलं की नाही, हे कळेना, म्हणून आणखी एकदा उघडून लावलं.

दोन वाजता पंगत बसली. रश्शाचा रंग देखणा होता, वास गल्लीभर गेला होता. रुपरावांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि चावू लागले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. रुपराव चावत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर हलत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी तो तुकडा मोठ्या अदबीने ताटाच्या कडेला ठेवला आणि पाणी मागितलं. गोविंदा म्हणाला, पुढच्या वर्षीच्या बडग्याचा विषय पक्का झाला. कुणी मोठ्याने हसलं नाही. तेच शालिकरामांना सहन झालं नाही, मोठ्याने हसले असते तर ते रागावू तरी शकले असते.

सुभद्राबाईंनी पातेलं उचललं आणि स्टोव्ह पेटवला. आठवड्याचं तेल त्यात गेलं. चार वाजता लोक बोटं चाटत जेवले आणि जाताना स्टोव्हची तारीफ करून गेले.

पुढच्या रविवारी सहा वाजता शालिकरामांच्या उशाशी डबकी होती.

"बुडाले भोक हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "साबन लावला हाय, तरी खालून बोट दाबून धरजा."

शालिकराम रांगेत उभे राहिले. एक हात कडीला, एक बोट बुडाला. पाऊण तासात बोट बधिर झालं. त्यांच्या लक्षात आलं, की आपण देशाचं परकीय चलन वाचवत होतो, त्या सगळ्या महिन्यांत आपल्या घरचं तेल याच भोकातून गळत होतं आणि एक बाई ते बोटाने अडवून उभी होती. त्यांना वाईट वाटलं, खरोखरच वाटलं. सोमवारी त्यांनी डबकीच्या भोकाला कथलाचा डाग मारून आणला. ही त्यांच्या हातून झालेली पहिली खरी इंधन बचत, पण नमुन्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

पुढे ते रांगेत रुळले. फायलींचा विषय निघाला, पण एका रविवारी निघाला आणि संपला. कुणाची डबकी कुणाच्या मागे यावरून भांडणं व्हायची, म्हणून त्यांनी एक वही घातली, डबक्यांना नंबर दिले. लोक त्यांना साहेब म्हणू लागले. पेटी मागच्या खोलीत गेली, तिच्यावर जुन्या गोधड्या पडल्या, आणि तिचं नाव त्यांच्यासमोर कुणी काढेना. बैलाचं प्रकरण मात्र खुलं होतं.

नंबर असल्यामुळे आता सातला जाऊन उभं राहावं लागत नसे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी शालिकराम नेहमीप्रमाणे नऊला गेले, तर दुकानाला कुलूप आणि दारावर पाटी : आज माल नाही. ते अर्ध्या तासातच परतले. घरात स्टोव्ह विझलेला होता. मागच्या खोलीत सुभद्राबाई चरख्यावर गोविंदाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. स्वयंपाकाचा पत्ता नव्हता. शालिकरामांनी जेवणाचं विचारायला तोंड उघडलं आणि त्यांचा हात सहज पेटीवरच्या गोधडीवर टेकला. गोधडी ऊबदार होती.

ते वाकले. पेटीच्या मागे भिंतीला लागून रॉकेलचे दोन पिपे होते. त्यांनी बोटाने वाजवून पाहिले. काठोकाठ भरलेले.

म्हणजे पेटी चालत होती. दोन महिने रोज भात, डाळ, सगळं तिच्यातच शिजत होतं आणि आणलेलं तेल उरत होतं. त्यांना आधी अभिमान वाटला, आपण म्हणत होतो तेच खरं झालं याचा. तो चार-पाच क्षण टिकला. मग ते दोन पिपे आणि आपले सगळे रविवार त्यांनी मनात शेजारी-शेजारी ठेवून पाहिले.

"एवढं तेल घरात हाय," ते म्हणाले, "तं मले लाइनीत काहून उभं करतं?"

सुभद्राबाईंचा चरखा थांबला नाही.

"पेटीले दोन तास लागते," त्या म्हणाल्या. "तुमी घरी असले, का तिले दोन तास कधी भेटले?"

पेटीवर त्यांच्याच अक्षरातला कागद अजून होता, कडा पिवळ्या पडलेला. त्यांचा हात झाकणाच्या कडीवर होता. आत भात होता की डाळ, शिजत होती की नाही, भांडं सरळ बसलं होतं की वाकडं, हे कळायला एक क्षण पुरला असता. सुभद्राबाईंनी वर पाहिलं नाही. त्या कांडी भरत राहिल्या.

"कधी ठेवलं?" शालिकरामांनी विचारलं.

"आत्ताच ठेवला भात. तुमी निंगाले का मंग."

शालिकरामांनी हात काढला. कोपऱ्यातली डबकी उचलली, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

दुकानासमोर कुणी नव्हतं. कुलूप होतं, पाटी होती, आणि वरिष्ठ लिपिक शालिकराम पौनीकर रिकामी डबकी घेऊन ओळीत पहिले उभे होते. अकराच्या सुमारास रुपराव पिशवी घेऊन बाजारातून आले. त्यांनी पाटी वाचली, कुलूप पाहिलं, मग शालिकरामांकडे पाहिलं.

"दुकान तं बंद हाय गा, शालिकराम. काहून उभा हायेस?"

शालिकरामांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अजून वीस मिनिटं होती.

"काही नाही, रुपरावभाऊ," ते म्हणाले. "घरी भात शिजून राहिला."